आवाज येतो, पण हातात येत नाही: घरी बनवलेल्या वाद्यांवर वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न घरी बनवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे आहेत. नावं कुणाचीच छापली नाहीयेत, आणि लांबलेली पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न: ताई, मी नववीत आहे. मला स्वतःचा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, बनवायचाय पण सोल्डरिंग येत नाही आणि इलेक्ट्रॉनिक्समधलं काहीच कळत नाही. ५५५ ने सुरुवात करू की अर्डुइनो घेऊ?

५५५ ही टायमर चिप आणि अर्डुइनो हा कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड, दोन्ही थोडे दिवस बाजूला ठेव, आधी सीडी४०१०६ नावाची चिप घे. ५५५ गुणी आहे यात वाद नाही, हान्स कामेन्झिंड यांनी ती १९७१ मध्ये डिझाइन केली आणि ती अजूनही बनतेय, पण तिला एक आवाज काढायला दोन रेझिस्टर (विजेला अडवणारे पार्ट) आणि एक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा पार्ट) लागतो. ४०१०६ मध्ये सहा स्वतंत्र खोल्या आहेत असं समज, आणि प्रत्येक खोलीला फक्त एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर दिला की ती गायला लागते, म्हणजे एका चिपमध्ये सहा आवाज.

ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता पार्ट खोचायच्या भोकांच्या पाटीवर, चिप लाव. १४ नंबरच्या पायाला ९ व्होल्ट बॅटरीचा प्लस, ७ नंबरला मायनस. १ आणि २ नंबरच्या मध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर, आणि १ नंबरपासून मायनसला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बस, २ नंबरवर साधारण १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज तयार झाला. आत काय चाललंय तर कपॅसिटर रेझिस्टरमधून हळूहळू भरतो, एका ठरावीक पातळीला पोचला की चिप आपलं मत पालटते आणि आउटपुट खाली जातं, मग कपॅसिटर रिकामा व्हायला लागतो, खालच्या पातळीला आला की परत मत पालटतं, आणि हे भरणं-रिकामं होणं सेकंदाला शंभर वेळा चाललं की आपल्या कानाला तो एक सूर वाटतो. कपॅसिटर बदलून १० मायक्रोफॅरडचा लाव (याला प्लस-मायनस असतं, मायनसचा पाय बॅटरीच्या मायनसला), आता सूर नाही, टक... टक... असे ठोके येतील. सूर आणि ताल ही एकच गोष्ट आहे, फक्त वेग वेगळा, हे मला पुस्तकातून कधी पटलं नव्हतं, त्या दिवशी ब्रेडबोर्डवर पटलं.

तीन गोष्टी मात्र नीट ऐक. न वापरलेल्या खोल्यांचे इनपुट, म्हणजे ३, ५, ९, ११ आणि १३ नंबर, मायनसला जोडून टाक, मोकळे सोडलेस तर चिप वेड्यासारखी वागते. दुसरं, ७४एचसी१४ ही दिसायला आणि पायांच्या मांडणीत अगदी अशीच असते पण ती ६ व्होल्टच्या वर चालत नाही, ९ व्होल्ट दिलेस की गेली, त्यामुळे चिपवरचा नंबर भिंगातून वाचायला लागला तरी वाच. आणि तिसरं, २ नंबरचं आउटपुट सरळ हेडफोनला कधीच लावायचं नाही, तो जवळजवळ ९ व्होल्टचा आवाज आहे आणि कान एकदाच मिळतात. १०० किलोओहम आणि १० किलोओहम असे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावून मधून आवाज घे, म्हणजे ०.८ व्होल्टच्या आसपास राहील, आणि तो बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या स्पीकरला दे.

हे झालं की १०० किलोओहमच्या जागी एलडीआर, म्हणजे उजेडाने बदलणारा रेझिस्टर लाव आणि त्याच्यावर हात धर. सोल्डरिंग पुढच्या महिन्यात शीक, काही बिघडत नाही.

प्रश्न: मी आवाज काढणाऱ्या चार ऑसिलेटरचा डबा बनवला, प्रत्येकाला १०० किलोओहमचा पॉट (बटण फिरवून बदलायचा रेझिस्टर) आहे. आवाज छान येतो पण वाजवताच येत नाही. अर्ध्याहून जास्त पॉट फिरवला तरी सूर थोडाच चढतो आणि शेवटच्या चिमूटभर फिरवण्यात एकदम किंचाळतो. पॉट खराब आहेत का?

पॉट चांगले आहेत. आणि तुम्ही सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलात, कारण आवाज काढणं ही एका संध्याकाळची गोष्ट आहे, पण तो आवाज हाताला सापडणं हे खरं काम आहे आणि सर्किटच्या चित्रात ते कुठेच लिहिलेलं नसतं.

बघा, कान सूर मोजतो तो गुणोत्तराने. सा पासून वरचा सा म्हणजे दुप्पट, प म्हणजे दीडपट. तुमच्या सर्किटमध्ये रेझिस्टर निम्मा झाला की सूर दुप्पट होतो. आता १०० चा पॉट ५० वर आणायला अर्धा फेरा लागतो, तेवढ्यात एक सप्तक संपलं. ५० चे २५ करायला उरलेल्यातला पाव फेराच लागतो, त्यात दुसरं सप्तक. मग पावाच्या निम्म्यात तिसरं, त्याच्या निम्म्यात चौथं, आणि शेवटच्या केसभर जागेत उरलेली सगळी सप्तकं कोंबलेली. म्हणून तिथे किंचाळतो.

यावर माझा आवडता उपाय म्हणजे हाव कमी करायची. ४७ किलोओहमचा साधा रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, ४७ किलोओहमचा पॉट लावा. आता एकूण रेझिस्टन्स ९४ ते ४७ एवढाच फिरतो, म्हणजे अख्ख्या पॉटवर बरोब्बर एक सप्तक पसरलं, आणि त्या एका सप्तकात तुम्हाला कोमल रे सुद्धा शोधता येईल आणि मींड पण घेता येईल. वरचं किंवा खालचं सप्तक हवं असेल तर एक स्विच लावून कपॅसिटर बदलायचा, निम्म्या क्षमतेचा कपॅसिटर म्हणजे वरचं सप्तक. लॉग पॉट, म्हणजे फिरवताना गुणोत्तराने बदलणारा पॉट, उलटा जोडूनही काम होतं पण बाजारात लॉग म्हणून मिळणारे बरेच पॉट दोन सरळ तुकडे जोडून बनवलेले असतात, मधे सांधा आला की सूर ठेच लागल्यासारखा उडी मारतो, मला ते आवडत नाही.

आणि एक सांगू का, चारही ऑसिलेटरना एकसारखे चार पॉट देऊ नका. माझ्या पहिल्या डब्याला आठ पॉट होते, सगळे एका रांगेत, एकसारखी बटणं, आणि मी तो एक संध्याकाळ फिरवत बसले आणि नंतर महिनाभर हात लावला नाही कारण तो वाजवण्यासारखा नव्हताच, तो फक्त सेट करण्यासारखा होता. मग एका आवाजाचा पॉट काढून तिथे एलडीआर बसवला, दुसऱ्याला दाबायची कळ दिली म्हणजे दाबल्याशिवाय तो गप्प, दोन आवाज कायम षड्ज-पंचम धरून ठेवले, आणि त्याच सर्किटचं वाद्य झालं. सर्किटमध्ये नवीन काहीच नव्हतं हो. हाताला काय करायचंय ते आधी ठरवा आणि मग त्याला शोभेल असा पार्ट शोधा.

प्रश्न: किट वापरून नाही, सुटे पार्ट जमवून थेरेमिन बनवला. चालतो, पण चालू केल्यावर अर्धा तास सूर सरकत राहतो. शिवाय खालचे सूर येतच नाहीत, हात लांब नेला की घोगरा होत होत एकदम गप्प होतो. काय चुकलं?

चुकलं काही नाही, थेरेमिन हा प्रकारच इतका हळवा आहे की तो चालला यातच निम्मं यश आहे, मनापासून अभिनंदन!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९२० च्या सुमाराला लेव्ह टेर्मेन या रशियन शास्त्रज्ञाने हे वाद्य शोधलं, त्याला हात न लावता वाजवतात. आत दोन ऑसिलेटर असतात, दोन्ही आपल्याला ऐकूच येणार नाहीत इतक्या उंच फ्रिक्वेन्सीवर. एक स्थिर, दुसऱ्याला अँटेना. हात अँटेनाच्या जवळ गेला की हात आणि अँटेना मिळून एक पिटुकला कपॅसिटर होतो, दुसरा ऑसिलेटर जरासा खाली येतो, आणि दोघांमधला जो फरक असतो तो आपण ऐकतो. पुढे मूग सिंथेसायझर बनवणारे रॉबर्ट मूग शाळेत असताना थेरेमिनच बनवायचे, म्हणजे तुम्ही चांगल्या वाटेवर आहात.

आता आकडे बघा म्हणजे सूर का सरकतो ते कळेल. समजा दोन्ही ऑसिलेटर ५०० किलोहर्ट्झवर आहेत. ४४० हर्ट्झचा सूर हवा तर एकाने ५,००,००० पैकी फक्त ४४० ने हलायचं, म्हणजे हजारात एकापेक्षाही कमी. सर्किटमध्ये १०० पिकोफॅरड असतील तर एवढ्यासाठी ०.१८ पिकोफॅरडचा फरक पुरतो. जो फरक तुमचा हात करतो तोच फरक गरम होणारा ट्रान्झिस्टर, हलणारी वायर, शेजारी येऊन उभं राहिलेलं माणूस, कुणीही करू शकतं. म्हणून सर्किटमधले छोटे कपॅसिटर साधे सिरॅमिक असतील तर ते काढून एनपी०, म्हणजेच सी०जी, प्रकारचे लावा, ते उष्णतेने जवळजवळ हलत नाहीत. दोन्ही ऑसिलेटर एकाच प्रकारचे, एकसारख्या पार्टचे बनवा, म्हणजे दोघं सारखेच सरकतील आणि फरक तेवढाच राहील. सप्लायला व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर द्या, बॅटरी उतरायला लागली की फ्रिक्वेन्सीही ढळते. आणि एवढं करूनही वाजवायच्या आधी पंधरा मिनिटं चालू करून ठेवा, तंबोरा लावतो तसा वेळ याला पण द्यावा लागतो.

खालचे सूर गायब होण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते मला फार सुंदर वाटतं. दोन ऑसिलेटर एकमेकांच्या फार जवळच्या फ्रिक्वेन्सीवर आले आणि त्यांच्यात जराशीही गळती असली तर ते एकमेकांना ओढून घेतात आणि एकच सूर धरतात. फरक शून्य झाला की ऐकायला काही उरत नाही, म्हणून गप्प. उपाय म्हणजे त्यांना वेगळं ठेवा: कॉइल एकमेकींपासून लांब आणि काटकोनात, मधे पत्र्याचा पडदा आणि तो पडदा ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या मायनसला, जोडलेला, सप्लायच्या वायरमध्ये दोघांना वेगवेगळा १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हे केल्यावर किमान एक सप्तक तरी खाली मिळायला हवं. (वरच्या ४०१०६ मध्येही असंच होतं, एकाच चिपमधले दोन आवाज जवळ आणले की ते चिकटतात. तिथे मात्र मी ते मुद्दाम होऊ देते, चिकटण्याच्या अलीकडे जो थरथराट येतो तो ऐकत बसावासा वाटतो.)

प्रश्न: सर्किटला बोट लागलं की घरघर वाढते आणि बॅटरी जुनी झाली की सगळे आवाज एकमेकांत मिसळून बुडबुडतात. कसं थांबवायचं?

प्रत्येक चिपच्या प्लस-मायनस पायांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बॅटरीजवळ एक १०० मायक्रोफॅरडचा, आणि सगळ्या ग्राउंडच्या वायरी एकाच ठिकाणी आणून जोडायच्या. बाकी काही करायच्या आधी हे करा. बुडबुड आवडत असेल तर मात्र थांबवू नका, रेकॉर्ड करून ठेवा.

प्रश्न: लहान मुलांची गाणारी खेळणी उघडून त्यातून विचित्र आवाज काढतात ते मला करायचंय. घरात एक जुना कीबोर्ड आहे, तो सरळ प्लगवर चालतो. त्याच्यापासून सुरुवात केली तर चालेल?

नाही, अजिबात नाही. भिंतीतल्या प्लगला जोडलेलं काहीही उघडायचं नाही. प्लग काढल्यावर सुद्धा आतले मोठे कपॅसिटर धक्का देऊ शकतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश पण नको, तो सेलवर चालतो म्हणून साधा वाटतो पण आत ३०० व्होल्टच्या आसपास साठवलेले असतात. फक्त सेलवर चालणारी बोलणारी-गाणारी खेळणी, आणि आउटपुट बाहेर काढायचं तर तेही सेलवर चालणाऱ्या स्पीकरलाच.

या उद्योगाला सर्किट बेंडिंग म्हणतात, हे नाव रीड गझाला यांनी दिलं. १९६० च्या दशकात ते शाळकरी वयाचे असताना उघडा पडलेला एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर टेबलाच्या खणात धातूला टेकून शॉर्ट झाला आणि आपोआप चित्रविचित्र आवाज काढायला लागला, तिथून त्यांची सुरुवात झाली. म्हणजे पद्धत तीच, शॉर्ट करून बघायचं आणि ऐकायचं, फक्त आपण ते शिस्तीत करतो.

खेळणं उघडा, सेल घाला, वाजत असताना बोट जरा ओलं करून सर्किटच्या मागच्या बाजूने फिरवा. जिथे सूर हलेल तिथे खडूने नाहीतर मार्करने खूण. बहुतेक वेळा चिपजवळचा एखादा रेझिस्टर चिपचा वेग ठरवत असतो, तो सापडला तर तुमचं नशीब उघडलं, त्याच्या जागी १ मेगाओहमचा पॉट आणि सोबत थोडा स्थिर रेझिस्टर लावा, म्हणजे पॉट पूर्ण फिरवला तरी चिप धापा टाकून बंद पडणार नाही. पण बऱ्याच नव्या खेळण्यांत चिपच्या जागी काळा डांबरासारखा थेंब असतो आणि वेगाचा रेझिस्टर आतच असतो, मग तिथे वेळ घालवू नका, दुसरं खेळणं घ्या. सेलच्या वायरमध्ये एक स्विच लावायला विसरू नका, बेंड केलेलं खेळणं अडकून बसतं आणि सप्लाय तोडल्याशिवाय शुद्धीवर येत नाही.

बोटाने सूर हलला म्हणजे तुमचं शरीरच रेझिस्टर झालं, आणि ती जागा पॉट न लावता तशीच ठेवता येते: तिथून वायर काढून बाहेर दोन पितळी खिळे बसवा आणि दोघांना एकदम स्पर्श करा. हॉलंडच्या मिशेल वाइसविस यांचा क्रॅकलबॉक्स १९७० च्या दशकातला, त्यात हेच होतं, एक ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी) चिप आणि वर बोटं ठेवायच्या धातूच्या पट्ट्या. जोरात दाबलं की वेगळा आवाज, घाम आला की वेगळा. मला विचाराल तर इतका जिवंत कंट्रोल पॉटमधून कधीच मिळत नाही.

प्रश्न: पत्र्याच्या डब्यावर तारा आणि स्प्रिंग ताणून त्याला पिएझो (कंपनांची वीज करणारी चकती) चिकटवला, साउंड मिक्सरच्या लाइन इनपुटला दिला. आवाज नुसता चिरका, खर्ज नावालाही नाही. पिएझो बदलू?

पिएझो तोच ठेवा, पुढचा दरवाजा बदला. पिएझो स्वतः एक छोटा कपॅसिटर आहे, साधारण २० नॅनोफॅरडचा धरू. लाइन इनपुटचा रेझिस्टन्स समजा १० किलोओहम. हे दोघं मिळून एक फिल्टर होतो आणि तो ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं कमी कमी करत नेतो, म्हणून खर्ज गेला. हाच पिएझो १ मेगाओहमच्या इनपुटला दिला तर ती हद्द ८ हर्ट्झवर येते, म्हणजे ऐकू येणारं सगळं जसंच्या तसं. गिटारसाठी असलेलं इनपुट मिक्सरला असेल तर ते वापरून बघा, नाहीतर एक जेफेट ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रेझिस्टरचा बफर, म्हणजे पिएझोवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं छोटं सर्किट, बनवून पिएझोच्या जवळच बसवा. तिथून मिक्सरपर्यंत शिल्डेड वायर.

सोल्डर करताना पिएझोच्या पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवायचं, जास्त तापलं की तो थर उखडतो. आणि डब्यावर जोरात काठी मारणार असाल तर पिएझो कित्येक व्होल्टचा झटका देतो, बफरच्या इनपुटला उलटसुलट दोन झेनर डायोड (ठरावीक व्होल्टच्या वरचा झटका अडवणारे) लावून ठेवा.

प्रश्न: अर्डुइनोवर सिंथ केला, पण प्रत्येक सुराच्या मागे एकच शिट्टीसारखा आवाज कायम येतो.

तो पीडब्ल्यूएमचा, म्हणजे पिन भराभर चालू-बंद करून व्होल्टेज कमीजास्त करायच्या युक्तीचा, आवाज आहे. अर्डुइनो उनोवर बहुतेक पिनांचा पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे सरळ कानाच्या पट्ट्यात. टायमरची सेटिंग बदलून तो ३१ किलोहर्ट्झवर न्या आणि पुढे एक साधा रेझिस्टर-कपॅसिटर फिल्टर लावा. मोझी ही आवाजासाठीच्या तयार कोडची लायब्ररी वापरलीत तर वेग ती स्वतःच सांभाळते, फिल्टर तेवढा तुम्ही लावा. पण तुम्ही पत्रात कोडची अडीच पानं पाठवलीत आणि वाद्याला हात कुठे लावायचा याबद्दल एक ओळही नाही, तर शिट्टी गेली की पुढचा आठवडा त्याला द्याल का?

प्रश्न: सर्किट तयार आहे, वाजवायलाही मजा येते. आता चांगली दिसेल अशी केबिनेट बनवू की नुसत्या डब्यात घालू? नातवंडं पण वाजवणार आहेत.

आजोबा, तुमचं पत्र वाचून फार छान वाटलं. इंग्लंडच्या ह्यू डेव्हिस यांनी १९६८ मध्ये एक वाद्य बनवलं, ते चक्क एका ज्ञानकोशाच्या खंडाच्या पुठ्ठ्यात बसवलं, आणि त्या खंडाच्या कण्यावर SHO ते ZYG अशी अक्षरं होती म्हणून वाद्याचं नाव शोझिग. आत स्प्रिंग, करवतीची बारीक पाती असल्या वस्तू आणि त्यांना चिकटवलेले, कंपनं पकडणारे पिकअप. पुस्तक उघडून बोटांनी वाजवायचं. तेव्हा डबा कशाचा याची चिंता नको, हाताळायला बरा वाटतो ना एवढं बघा.

नातवंडांसाठी म्हणून: पत्र्याचा डबा असेल तर तो ग्राउंडला जोडा, घरघर कमी होईल, आणि आतल्या सर्किटखाली जाड पुठ्ठा घाला म्हणजे टेकून शॉर्ट नको. कडा कानशीने घासून घ्या. आवाजाची वरची मर्यादा आतूनच बांधून टाका, व्हॉल्यूमच्या पॉटआधी एक स्थिर रेझिस्टर घालून, मुलं तो पॉट पहिल्या मिनिटाला पूर्ण फिरवणारच. बॅटरीची जागा बाहेरून स्क्रू उघडल्याशिवाय हाती लागू नये. आणि झाकणाला गोंद नको, चार स्क्रूच लावा, आठ दिवसांत तुम्हाला ते उघडून एखादा कपॅसिटर बदलावासा वाटणार आहे.